बाहेरून दहावी

जुलै उजाडला की तालुक्याच्या गावांतल्या महा ई-सेवा केंद्रांवर एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो, ‘‘सतरा नंबर सुरू झाला का?’’ विचारणारा कधी मिसरूड फुटलेला मुलगा असतो, कधी त्याचा बाप. कधी पस्तिशीकडे झुकलेली बाई असते आणि ती मुलासाठी नाही, स्वतःसाठी विचारत असते. शाळेत न जाता राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला बसायचं तर जो नोंदणी अर्ज भरावा लागतो, तो हा सतरा नंबरचा फॉर्म. आता तो ऑनलाइन भरतात. अर्जात जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, कागद तिथे नेऊन द्यायचे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकीच्या पंधरा लाख मुलांबरोबर पेपर लिहायचे.

अटी थोड्या आहेत. वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत, किमान पाचवी उत्तीर्ण असल्याचा शाळेचा दाखला हवा. कमाल वयाची मर्यादा नाही. नोंदणीचं शुल्क हजाराच्या घरात, परीक्षेचं वेगळं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतो, आणि चौदा पूर्ण होताच सतरा नंबरचा हक्क सुरू होतो. एका वाढदिवशी वर्गाचा अधिकार संपतो, परीक्षेचा लागू होतो. या दोन अधिकारांमध्ये जे अंतर आहे, त्याबद्दल मला हा लेख लिहायचा आहे. परीक्षा सगळ्यांना खुली करून राज्याने मोठं काम केलं आहे. पण त्या परीक्षेची तयारी कुठे करायची, कुणाकडे करायची, हे ज्याचं त्याने पाहून घ्यायचं आहे, आणि ज्यांना सतरा नंबर भरावा लागतो त्यांच्यापाशी नेमकं तेवढंच नसतं.

सुरुवात कागदापासून होते. धारूर तालुक्यातल्या एका गावात बत्तीस वर्षांच्या एक ताई भेटल्या. बीड जिल्ह्याचा हा भाग ऊसतोडणी मजुरांचा. सातवी झाल्यावर त्यांची शाळा सुटली. ‘‘आई-बाप कारखान्याला जायचे. धाकटे दोघं सांभाळायला मला बरोबर न्यायचे. सातवीची परीक्षा तेवढी सरांनी देऊ दिली, मग कशाची शाळा आन् कशाचं काय.’’ लग्न झालं, मग नवऱ्याबरोबर कोयता. एकोणीस वर्षांनी दहावीचं मनावर घेतलं तेव्हा पहिली अडचण आली ती दाखल्याची. मूळ दाखला माहेरच्या घरात पत्र्याच्या पेटीत होता, तो एका पावसाळ्यात भिजून लगदा झाला. मूळ नसेल तर शाळेकडून दुय्यम प्रत घ्यायची आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं, असा नियम आहे. माहेरच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर काढलं, एकेका पानावरून बोट फिरवत त्यांचं नाव शोधलं. नाव अर्थातच माहेरचं. जन्मतारीख एक जून. आधार कार्डावर सासरचं नाव आणि तारीख तिसरीच.

एक जून ही महाराष्ट्रातल्या किती जणांची जन्मतारीख आहे, हे कुठल्याही सरकारी कचेरीतला कारकून सांगेल. शाळा जूनमध्ये भरायची, जन्माची नोंद नसायची, गुरुजी वय अंदाजाने धरून एक जून लिहून टाकायचे. त्या वेळी ते मुलाला शाळेत घेण्यासाठीच केलेलं असायचं. पण मंडळ दाखल्यावरचं नाव आणि तारीख प्रमाण मानतं, बाकी सगळं जग आधार कार्ड मागतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईला म्हणून दोन ओळखी सांभाळाव्या लागतात. गुणपत्रिका माहेरच्या नावाने येते, पुढे नोकरीच्या अर्जाला विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडावी लागते. या ताईंनी आधारवरची तारीख दुरुस्त करून घेतली, नावासाठी विवाह नोंदणी केली. त्यात एक हंगाम गेला आणि त्या वर्षीची अर्जाची मुदतही.

सतरा नंबर भरणारे सगळे असे मोठ्या वयाचे नसतात. रांगेतली बरीच मुलं पंधरा-सोळा वर्षांची असतात आणि ती स्वतःहून शाळेबाहेर पडलेली नसतात. आठवीपर्यंत सहसा नापास करायचं नाही, त्यामुळे कच्चं राहिलेलं सगळं नववीत एकदम बाहेर येतं. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा अशी शाळेची इच्छा असते, वर्तमानपत्रात तोच आकडा छापून येतो. मग नववीच्या निकालाच्या दिवशी पालकांना बोलावून समजावलं जातं, ‘‘इथे राहिला तर वर्ष जाईल. त्यापेक्षा दाखला घ्या, बाहेरून बसवा.’’ ठाण्यातल्या एका रिक्षाचालकांनी मुलाचा दाखला असाच घेतला. ‘‘मला वाटलं सर आपल्या भल्याचं सांगतायत. दाखला हातात आल्यावर कळलं की आता त्याला कुणी शिकवणार नाही.’’ जो मुलगा शिक्षक समोर असताना मागे पडला, त्याला शिक्षकाशिवाय तीच परीक्षा द्यायला पाठवायचं, यात कुणाचं भलं आहे ते शाळांनी एकदा पालकांच्या डोळ्यांत पाहून सांगावं. अशाच मुलांच्या जिवावर ‘आठवी, नववी नापास थेट दहावी’ अशा पाट्यांचे क्लास चालतात. त्यांतले काही मन लावून शिकवतात. काही फॉर्म भरण्याचे पैसे घेऊन जानेवारीत फोन उचलायचं बंद करतात. काही तर भलत्याच ‘बोर्डा’चं प्रमाणपत्र हाती देतात, जे कुठल्याही भरतीत चालत नाही.

मग लोक कशासाठी बसतात? प्रत्येकाकडे नेमकं कारण असतं. रत्नागिरीकडच्या एका पस्तिशीतल्या सुताराला आखातात कामाला जायचं होतं. दहावी उत्तीर्ण असेल तर पासपोर्टवर स्थलांतर तपासणीची अट लागत नाही. दहावी नसेल तर आखाती देशांत कामाला जाताना सरकारी परवानगीचा आणखी एक टप्पा पार करावा लागतो आणि तिथे दलाल उभे असतात. ग्रामीण डाकसेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते. आयटीआयच्या बहुतेक चांगल्या ट्रेडना दहावी लागते. शिपायाला कारकून व्हायचं असेल तरी तेच. शिवाय अंगणवाडी आहे. तिच्याकडे शेवटी येते, कारण धारूरच्या ताईंचं कारण तेच आहे.

शाळेत रोज जाणं शक्य नाही म्हणून बाहेरून बसणाऱ्यांत खेळाडू असतात, कलाकार असतात. ‘सैराट’नंतर अकलूजच्या रिंकू राजगुरूने २०१७ मध्ये सतरा नंबर भरूनच दहावी दिली आणि तिला ६६.४० टक्के मिळाले. त्या वर्षी या फॉर्मचं नाव घराघरांत पोचलं, हे मला चांगलंच वाटतं. मात्र तिच्यासारखं नाव नसलेल्या हजारोंना हा अभ्यास मजुरी, दुकान, चूल आणि लेकरं यांतून उरलेल्या वेळात करावा लागतो.

अभ्यास काय असतो तेही पाहू. विषय सहा, पण पेपर नऊ. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणिताचे दोन, विज्ञानाचे दोन, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल. २०१८ पासून दहावीला नवा अभ्यासक्रम आहे आणि भाषांना प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आहे. ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी शाळा सोडली, त्यांच्या ओळखीचं यात फारसं काही उरलेलं नाही. त्यांच्या आठवणीतला इतिहास शिवकालाचा आणि स्वातंत्र्यलढ्याचा. आताच्या दहावीच्या इतिहासाची सुरुवात होते पाश्चात्त्य इतिहासलेखनाच्या परंपरेपासून, आणि पुढे प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन यांचा इतिहासाशी असलेला संबंध येतो. भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची धड्यामागून धडा तुलना करतं. पुस्तकं चांगली आहेत. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवून घेता येतात. पण ती वर्गात शिक्षकाबरोबर चर्चा करत शिकायची, अशा विचाराने लिहिली आहेत. एकटं वाचणारा पहिल्या पानांवरच अडखळतो आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंचाकडे किंवा गाईडकडे वळतो.

याउलट, काही धडे असे आहेत की ते मोठ्या माणसाला पोरांपेक्षा लवकर उमजतात. लालबागच्या बाजूला एका रात्रशाळेत विज्ञानाचा तास चालू होता. विषय विद्युतधारेचे परिणाम. पुढच्या बाकावर बसलेला एकवीस वर्षांचा तरुण दिवसा वायरमनचा हेल्पर. मोटर कशी फिरते, फ्यूज का उडतो, शॉर्ट सर्किट म्हणजे काय, हे तो सरांच्या आधी सांगत होता. पण फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम शब्दांत लिहायला सांगितला तेव्हा पेन थांबलं. ‘‘सर, करून दाखवतो की.’’ सर म्हणाले, ‘‘तू करून दाखवशील रे, पण पेपर तपासणारा तिथे नसेल.’’ गणितातलं अर्थनियोजनही असंच. त्यात जीएसटी आहे, शेअर आहेत. किराणा दुकानात बिलं करणाऱ्या मुलीने जीएसटीची उदाहरणं पटापट सोडवली आणि वर्गसमीकरणापाशी अडली. अडण्याचं कारण समीकरण नव्हतंच. उणे पाचात अधिक तीन मिळवले की काय येतं, हे तिला पाचवी-सहावीत कुणी नीट समजावलंच नव्हतं.

त्या रात्रशाळेत गणित शिकवणारे गुरुजी निवृत्तीला आलेले. ते जूनमध्ये दहावीचं पुस्तक उघडतच नाहीत. पहिले काही आठवडे फळ्यावर संख्यारेषा, अपूर्णांक, टक्के. मग पास होण्यापुरता नकाशा आखतात. ‘‘संभाव्यता, सांख्यिकी, अर्थनियोजन, भौमितिक रचना. हे पक्कं झालं की मूल पस्तिसाच्या जवळ येतं. बाकी ज्याला जेवढं झेपेल तेवढं.’’ रचनांवर त्यांचा विशेष भरवसा. ‘‘सुतारकाम करणारा पोरगा कंपास कसा धरतो बघा, दिवसाच्या शाळेतल्या पोरांना तसा धरता येत नाही.’’ मी विचारलं, सगळा अभ्यासक्रम न शिकवणं तुम्हाला खटकत नाही? ते थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘‘खटकतं. पण साडेसहाला घंटा, नऊला सुटी. त्यात अर्धी मुलं सातला पोचतात, कारण शेठ सोडत नाही. मी आधी त्यांना नापास होण्याच्या भीतीतून काढतो. एकदा पास झाली की त्यांतली काही पुढे खरोखर शिकतात.’’

रात्रशाळेत बसणारा मुलगा तांत्रिक अर्थाने बाहेरून बसत नाही. तो शाळेचाच विद्यार्थी असतो. पण दिवसा काम, रात्री अभ्यास करून तीच दहावी देणाऱ्यांसाठी या राज्यात खरोखर उपयोगी पडलेली व्यवस्था कुठली, तर रात्रशाळाच. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली १८५९ मध्ये, म्हणजे परीक्षेआधी चार वर्षं पुण्यात रात्रीचा वर्ग होता. पुढे गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेली मुलं खानावळीत जेवून, खोलीत दहा-दहा जण राहून या शाळांतून मॅट्रिक झाली. सोलापूरच्या न्यायालयात पट्टेवाल्याचं काम करत रात्रशाळेत शिकलेले सुशीलकुमार शिंदे २००३ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले.

आज मुंबईतल्या रात्रशाळांचे वर्ग पूर्वीसारखे भरलेले नाहीत. गिरण्या गेल्या, कामगार वस्त्या वसई, कल्याण, पनवेलच्या पलीकडे सरकल्या, आणि सायंकाळी साडेसहाला कामावरून सुटलेल्या मुलाला दादर-परळला पोचणं राहिलं बाजूला, घरी पोचायलाच दोन तास लागतात. जिथे वस्ती गेली तिथे रात्रशाळा गेली नाही. त्यात मे २०१७ मध्ये शासनाने दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या दुबार शिक्षकांना कमी करण्याचा निर्णय घेतला. हेतू अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना सामावून घेण्याचा होता. पण वर्षानुवर्षं रात्रीच्या मुलांना शिकवणारे, त्यांचा वेळ, त्यांची झोप, त्यांचे मालक ओळखणारे शिक्षक एका फटक्यात गेले. अशा मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे, ते बदलीच्या आदेशाने येत नाही. २००८ पासून मुंबईतल्या रात्रशाळांबरोबर काम करणारी ‘मासूम’ ही संस्था तिथल्या मुलांना संध्याकाळचा खाऊ देते, फिरती प्रयोगशाळा नेते. खाऊचं महत्त्व वर्गात बसलं की कळतं. सकाळी सातला वडापाव खाऊन कामाला गेलेल्या पोटाला रात्री आठ वाजता आवर्तसारणी कशी दिसणार?

मोठ्या बायांच्या दहावीची वाट नीट आखली ती दुर्गाबाई देशमुखांनी. त्या स्वतः स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आल्या आणि बाहेरून अभ्यास करून बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक झाल्या. मद्रासमध्ये आपल्या घरी मुलींना त्याच परीक्षेसाठी त्या शिकवू लागल्या, त्यातून आंध्र महिला सभा उभी राहिली. पुढे केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्ष असताना १९५८ मध्ये त्यांनी प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रमांची योजना सुरू केली. साधारण दोन वर्षांत, मोठ्या माणसाच्या समजुतीने, वर्गात बसवून परीक्षेला तयार करायचं. त्यांचे यजमान चिंतामणराव देशमुख रायगडचे, १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आलेले. एकाने दारातून आत जाऊन पहिला क्रमांक मिळवला, दुसरी बाहेरून मॅट्रिक झाली. बाहेरून आलेलीला वर्गाची किंमत जास्त ठाऊक होती असं मला वाटतं. म्हणून तिने फक्त फॉर्म दिला नाही, शिक्षिका दिली.

अमेरिकेत शाळा सुटलेल्यांसाठी वेगळीच परीक्षा आहे, जीईडी नावाची. दुसऱ्या महायुद्धात शिक्षण अर्धवट टाकून गेलेल्या सैनिकांसाठी १९४२ मध्ये ती तयार झाली, नंतर सगळ्यांना खुली झाली. विषय चार. एकेक विषय वेगळ्या दिवशी, वर्षभरात आपल्या सोयीची वेळ घेऊन देता येतो. तयारीचे वर्ग बहुतेक ठिकाणी सरकारी पैशातून मोफत चालतात. हे वाचलं की मोह होतो की असंच आपल्याकडे हवं. पण नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं की जीईडी मिळवणाऱ्यांची कमाई शाळेतून पदविका घेणाऱ्यांपेक्षा शाळा सोडणाऱ्यांच्याच जवळ राहते. आपला सतरा नंबर इथे वेगळा आहे. पेपर तोच, तपासणारे तेच, प्रमाणपत्रही त्याच मंडळाचं. कुणी म्हणू शकत नाही की तुमची दहावी सोपी होती. ती समानता मला मोलाची वाटते आणि ती कुणी हलकी करू नये. उणीव आहे ती तयारीच्या वर्गांची.

सवडीने एकेक विषय द्यायची सोय आपल्याकडेही आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ पासून आहे. पाच विषय, पाच वर्षं मुदत, नऊ संधी. राज्याने २०१७ मध्ये स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ काढलं, त्यात पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षाही देता येते, जी निम्म्यात शाळा सुटलेल्यांना फार उपयोगाची. ‘प्रथम’ ही संस्था २०११ पासून ‘सेकंड चान्स’ नावाने मुली-बायांचे गट करून दहावीची तयारी करून घेते. आधी पाया, मग पुस्तक. तरीही खेड्यातल्या माणसाला विचारलं तर तो सतरा नंबरच सांगतो, कारण पुतण्याचं जुनं पुस्तक चालतं, शेजारच्या शाळेत केंद्र असतं आणि ‘बोर्डाची दहावी’ म्हटली की कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

पण हीच ओळखीची परीक्षा बाहेरून देणाऱ्याला एका जागी फार महागात पडते. प्रत्येक विषयाच्या शंभरांपैकी वीस गुण शाळेच्या हातात असतात, तोंडी, प्रकल्प, प्रात्यक्षिक वगैरेंचे. उत्तीर्ण व्हायला शंभरात पस्तीस. वीसपैकी पंधरा-सोळा मिळाले तर लेखी ऐंशीत वीस-एक गुण पुरतात. हे वीस गुण काय करतात ते साऱ्या राज्याने २०१९ मध्ये पाहिलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केले, आणि आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले, निकाल ९५.३० टक्के लागला. खाजगी विद्यार्थ्याने हे काम संपर्क केंद्रावर जाऊन पूर्ण करायचं असतं. अनेकांना ते कुणी सांगतच नाही. हॉल तिकीट घ्यायला गेल्यावर कळतं की वह्या जमा करायच्या होत्या, प्रयोग करायचे होते. शाळेच्याही अडचणी असतात, पण बाहेरचा म्हणून आलेल्या माणसाला एक छापील कागद हाती देऊन तारखा सांगायला काही खर्च येत नाही. जी शाळा एवढं करते, तिच्या केंद्रावरून बसलेली माणसं तिचं नाव वर्षानुवर्षं काढतात.

धारूरच्या ताईंना असं केंद्र मिळालं. विज्ञानाच्या मॅडमनी त्यांना दोन शनिवार बोलावून प्रयोग करून घेतले. आम्लात लिटमस तांबडा होतो, हे त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. पण खरी लढाई घरी होती. पहिली अडचण हाताची. सहीखेरीज एकोणीस वर्षांत काही लिहिलं नव्हतं. अर्धं पान झालं की बोटं आखडायची. मुलीच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर त्या रोज पुस्तकातला एक उतारा नुसता उतरवून काढू लागल्या, अर्थ कळो न कळो. डिसेंबरपर्यंत तीन तास लिहिणं जमायला लागलं. दुसरी अडचण डोळ्यांची. अक्षर धूसर दिसतं म्हणजे आपल्याला समजत नाही, अशी त्यांची समजूत होती. नंबर काढल्यावर कळलं की चष्मा हवा होता. इंग्रजी मुलीने शिकवलं. मुलगी आठवीत. आईचं स्पेलिंग चुकलं की ती पाच वेळा लिहायला लावायची, आणि आई लिहायची.

तिसरी अडचण परीक्षेच्या तारखांची. कारखाने दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. दहावीची परीक्षा ऐन त्याच काळात. २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारी ते १७ मार्च अशी होती. ऊसतोड्यांचं गणित नवरा-बायकोच्या जोडीवर चालतं. जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते, आणि एक दिवस कामावर नाही आलं तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. फॉर्म भरायच्या वेळी, जुलै-ऑगस्टमध्ये, सगळे गावात असतात. पेपरच्या वेळी सांगली, कोल्हापूर, कर्नाटकातल्या फडात. नऊ पेपर तीन-साडेतीन आठवड्यांत पसरलेले, दोन पेपरांमध्ये कधी एक दिवस, कधी तीन. शेकडो किलोमीटर येजा कोण करणार? म्हणून या भागात सतरा नंबर भरलेल्या कितीतरी मुली आणि बाया पेपरला पोचतच नाहीत. निकालाच्या आकड्यांत त्या गैरहजर म्हणून जातात, आणि लोक म्हणतात, यांना शिकायचंच नसतं.

या ताई पोचल्या, कारण त्या वर्षी त्या कारखान्याला गेल्याच नाहीत. नवरा एकटा गेला, अर्ध्या कोयत्यावर. उचल निम्मी मिळाली. सासूने वर्षभर बोलणं टाकलं होतं का, असं मी विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘‘नाही ओ ताई. सासूनंच म्हशी सांभाळल्या. बोलल्या त्या जावा.’’

उपाय अवघड नाही, आणि तो मी सांगून टाकते. गावोगाव शाळांच्या इमारती आहेत, पाच वाजल्यानंतर त्या कुलूपबंद असतात. तालुक्यात किती जणांनी सतरा नंबर भरला आहे आणि कुठल्या केंद्रावर, याची यादी अर्जाची मुदत संपली की मंडळाकडे तयार असते. ज्या केंद्रावर वीस-पंचवीस नावं आहेत तिथे सप्टेंबर ते जानेवारी आठवड्यातून चार संध्याकाळी गणित, इंग्रजी आणि विज्ञानाचा वर्ग चालवायचा, आणि शिकवणाऱ्याला त्याचं मानधन द्यायचं. ऊसतोड्यांच्या तालुक्यांतल्या परीक्षार्थींना ज्या कारखान्याच्या परिसरात त्या वेळी ते असतील तिथलं केंद्र निवडू द्यायचं. जून-जुलैमधली पुरवणी परीक्षा मुळात नापासांसाठी आहे. ती या लोकांना पहिली संधी म्हणून खुली करता येईल का, हे मंडळाने पाहावं. जुलैत सगळे गावात असतात.

ताईंचा मे महिन्यात निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, गणितात अडतीस. त्यांनी दहावी केली ती अंगणवाडीसाठी. गावातल्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा रिकामी होणार, हे त्यांना आधीच कळलं होतं. पूर्वी मदतनिसाला सातवी चालायची, ती त्यांच्याकडे होती. पण फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने नव्या भरतीला सेविका आणि मदतनीस दोघींनाही बारावी उत्तीर्णची अट आली. उमेदवार त्याच गावची रहिवासी हवी, वय पस्तीसच्या आत. ही अट कळली तेव्हा दहावीचा फॉर्म भरून झाला होता.

‘‘मग सोडून द्यावं नाही वाटलं?’’

‘‘सोडून काय करायचं? दहावी तर लागणारच होती.’’ मग त्यांनी बोटांवर हिशोब मांडला. दहावी झाल्यावर बारावीला बाहेरून बसायचं तर मध्ये दोन वर्षं जावी लागतात. आता बत्तीस सरू घातलंय. बारावीचा निकाल येईपर्यंत चौतीस पूर्ण. पुढे एका वर्षाच्या आत जागा निघाली पाहिजे, आणि ती याच गावात निघाली पाहिजे. त्या दोन वर्षांतल्या एका हंगामाला कारखान्याला जावंच लागेल, उचल फिटलेली नाही. दुसऱ्या हंगामाला नाही जाणार, कारण बारावीचे पेपर दहावीच्याही आधी असतात. कला शाखा घेणार. इंग्रजीचं पुस्तक एका भाचीकडून आणून ठेवलंय, त्यातले धडे मोठे आहेत. ‘‘मुलगी तेव्हा दहावीला असंल,’’ त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे तिला शिकवायला वेळ नसणार. इंग्रजीला दुसरं कुणी बघावं लागंल. तुमच्या ओळखीत आहे का कुणी, धारूरला?’’